घर ओढायला गाडी पाहिजे

समस्त खानदेशवासीयांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, जळगावातल्या आमच्या कॉलनीतून एक घर निघून गेलेलं आहे. ते पडलं नाही, विकलं नाही, अतिक्रमणवाल्यांनी उचललं नाही. मालकांनी ते स्वतः, मागे दोन लाल दिवे आणि पुढे दोन मोर लावून, धुळ्याच्या दिशेने नेलं. घरात माठ होता, देव्हारा होता, मिसळणाचा डबा होता आणि मालकीणबाईही होत्या. या घटनेबद्दल कॉलनीत फार चुकीच्या गोष्टी पसरल्या आहेत. त्यातल्या निम्म्या मीच पसरवल्या असल्यामुळे खरा वृत्तान्त सांगण्याची जबाबदारी माझ्यावर येते.

मालकांचं नाव सुकलालनाना. नोकरीत होते तोवर नाना जळगावच्या एसटी स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारत. चोपडा, यावल, पाचोरा, भडगाव, सगळ्या गाड्या नानांच्या आवाजावर सुटायच्या. तो आवाज नाकातून निघायचा, कपाळाला लागून वळायचा आणि मग माणसाच्या कानात शिरायचा. पुकारलेली प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची ही तिथली रीत. नाना निवृत्त झाले, रीत निवृत्त झाली नाही. सकाळी त्यांच्या ओट्यावरून आवाज यायचा, "पेपर आलेला आहे. पेपर आलेला आहे." दुपारी स्वयंपाकघराच्या दारातून, "वरण-भात लागलेला आहे, जेवणाऱ्यांनी आपापल्या जागा घ्याव्यात," आणि जेवणारे ते एकटेच असले तरी पुन्हा एकदा तेच. लग्नाच्या पहिल्या दिवशी त्यांनी अक्कांना "तू मला फार आवडतेस" असं दोनदा सांगितलं होतं. अक्का, म्हणजे नानांची बायको, ही गोष्ट आजही सांगतात. "मला वाटलं, केवढा जीव आहे माझ्यावर. दुसऱ्या दिवशी कळलं, चप्पल कुठंय हेसुद्धा दोनदाच विचारतात."

माणसांना ते नावाने हाक मारत नसत. मला ते "शेजारी" म्हणत. दूधवाल्याला "दूध". एकदा जावई आले तेव्हा दारातच उभं राहून, "जावई आलेले आहेत, जावई आलेले आहेत," असं त्यांनी एवढ्या खणखणीत आवाजात पुकारलं, की समोरच्या घरातली दोन माणसं पिशव्या घेऊन बाहेर आली.

सवय किती खोल जावी याला काही मर्यादा असते. आमच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ वारले. सगळी तयारी झाली, पण धाकटा मुलगा मुंबईहून यायचा होता. लोक घड्याळं बघायला लागले. नानांना राहवलं नाही. ते ओट्यावर चढले आणि म्हणाले, "मुंबईहून येणारे चिरंजीव पारोळ्यापर्यंत आलेले आहेत. अंत्ययात्रा थोड्या विलंबाने सुटेल." दुसऱ्यांदा सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने खिशातला रुमाल काढून शववाहिनीच्या खिडकीतून आतल्या बाकावर टाकलेला होता. जागा धरायला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तर असा हा माणूस. सगळा जिल्हा गावोगाव पाठवला आणि स्वतः कुठेही गेला नाही. त्याचं कारण अक्का.

अक्कांना परक्या घरात झोप लागत नाही. हे मी सौम्य करून सांगतोय. भडगावला सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता टाकल्या, जेवल्या आणि मुक्कामाच्या गाडीने परत जळगावला आल्या. नानांनी एकदा त्यांची उशी बरोबर नेऊन पाहिली, एकदा गोधडी नेऊन पाहिली. उपयोग शून्य. लॉजवर तर अक्का पलंगाच्या कडेला, पाहुणीसारख्या, पर्स मांडीवर घेऊन सकाळपर्यंत बसून राहिल्या. त्यांना स्वतःच्या देव्हाऱ्यातली समई, स्वतःच्या माठातलं पाणी आणि स्वतःच्या पलंगाची करकर लागते.

आणि या बाईला समुद्र पाहायचा होता. शाळेत असताना त्यांनी 'समुद्रकाठची संध्याकाळ' असा निबंध लिहिला होता आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तोवर त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गिरणेचा पूर. "लाटा पायांशी लोळण घेत होत्या असं मी लिहिलं," त्या म्हणायच्या. "घेतात का लोळण, कोणास ठाऊक. बक्षीस मात्र घरात आहे." हे त्यांना टोचत होतं. निबंधातलं खरं निघतं की खोटं, एवढं एकदा बघून यायचं होतं.

नाना निवृत्त झाले त्या आठवड्यात अक्कांनी आपली अट सांगितली, आणि ती मी माझ्या कानांनी ऐकली, कारण त्या वेळी मी त्यांच्याकडे विळी परत द्यायला गेलो होतो. "घर बरोबर येत असेल तर मी समुद्रावर येते. पण एकदाच. घर निघालं आणि अर्ध्या वाटेतून माघारी फिरलं, तर समुद्राचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही."

दुसरा कुणी असता तर हसला असता. नाना म्हणाले, "घर बरोबर येईल. घर बरोबर येईल."

घर तयार व्हायला उन्हाळा गेला. केळीच्या ट्रॉलीची जुनी चेसी, तिच्यावर लोखंडी सांगाडा, वर पत्रा, आतून प्लायवूड. एक खिडकी रस्त्याकडे, एक खिडकी शेताकडे. मध्ये अक्कांचा करकरणारा पलंग, एका कोपऱ्यात माठाचा स्टँड, भिंतीला देव्हारा, मागच्या बाजूला गॅस आणि धान्याची कोठी. रंग पोपटी, कारण अक्कांना पोपटी आवडतो. कापसाच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर ते चढवलं तेव्हा काट्यावरचा माणूस खिडकीतून डोकावून म्हणाला, "माल काय?" नाना म्हणाले, "संसार." अर्थात दोनदा.

आता हे ओढणार कोण, हा प्रश्न आला, आणि इथून नानांच्या आयुष्याला खरा रंग चढला. त्यांनी गाड्यांची परीक्षा ठरवली. घरातल्या गॅसच्या ओट्यावर काठोकाठ ताक भरलेला पेला ठेवायचा. शेजारी अक्का परीक्षक म्हणून बसणार. गाडीने घर चौकापर्यंत ओढायचं. ज्या गाडीचं ताक सर्वांत कमी सांडेल ती गाडी पास.

पहिला उमेदवार नानांच्या भाच्याची छोटी कार. भाचा आधीच रडवेला होता. "मामा, हिच्यात चार माणसं बसली तरी चढावर एसी बंद करावा लागतो."

"मग एसी बंद कर. एसी बंद कर."

गाडी जोडली. भाच्याने दाबलं. इंजिन कळवळलं, चाकांखालून धूळ उडाली, क्लच जळाल्याचा वास पार माझ्या घरापर्यंत गेला. मग सगळं शांत झालं.

"ताक? ताक?" नानांनी विचारलं.

"एक थेंब नाही," अक्का आतून म्हणाल्या.

"पास?" भाच्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"अरे घरच हललं नाही," अक्का म्हणाल्या. "ताक काय आपण होऊन सांडणार आहे?"

दुसरा उमेदवार ट्रॅक्टर. ट्रॅक्टरने घर असं उचललं जसं काही काडेपेटी. पण पेला ओट्यावरून पलंगावर, पलंगावरून देव्हाऱ्यापर्यंत गेला, आणि अक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चष्म्यावर ताक होतं. चष्मा पुसत त्या एवढंच म्हणाल्या, "आपल्याला समुद्र पाहायचाय, नांगरायचा नाही."

तिसऱ्या उमेदवाराची सगळी कॉलनी वाट बघत होती. आमच्याकडे आप्पा म्हणून एक कंत्राटदार राहतात. त्यांनी नवी, उंच, काळी गाडी घेतली होती, आणि तिच्यात बसून ते कोपऱ्यावरच्या दुकानात दही आणायला जात. "नाना, हिच्या पुस्तकात लिहिलंय, ही हत्ती ओढते," आप्पा म्हणाले. हुक कुठे अडकवायचा यावर थोडी चर्चा झाली. आप्पांना गाडीखाली वाकायचं नव्हतं, कपडे पांढरे होते. म्हणून हुक मागच्या बंपरला अडकवला.

आप्पा निघाले. काय निघाले. एका दमात चौकात जाऊन थांबले आणि खिडकीतून हात काढून 'कशी आहे?' अशी खूण केली. मागे घर जागच्या जागी उभं होतं, आणि घराच्या दांडीला आप्पांचा बंपर लटकत होता, नंबरप्लेटसकट.

त्या शांततेत नानांचा आवाज दोनदा आला. "आप्पांची गाडी सुटलेली आहे. बंपर फलाटावर राहिलेला आहे."

आप्पा नंतर महिनाभर नानांशी बोलले नाहीत. पण त्या दिवशी नानांना एक गोष्ट कळली, की ओढायचा हुक लागतो तो चेसीला, शोभेच्या वस्तूला नाही. आणि दुसरी अशी की गाडी किती ताकदीची यापेक्षा ती सुटते कशी, हे महत्त्वाचं. सुटण्याबद्दल नानांना कोण शिकवणार?

गाडी सापडली धरणगावात. तिथल्या एका बँडमास्टरने आता डीजेचा मोठा ट्रक घेतला होता आणि जुनी जीप मागच्या अंगणात उभी होती. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले मोर, टपावर भोंगे, आत माइक. ही जीप इतकी वर्षं वाजंत्री बसलेली ट्रॉली ओढत होती. बँडचं नाव मास्टरने पुसून घेतलं होतं, पण काचेवरचं 'शुभमंगल' तसंच होतं.

"नाना," मास्टर म्हणाला, "हिने जिंदगीत झटका दिलेला नाही. मागे ट्रॉलीत माझा कॅसिओवाला उभा राहून वाजवायचा. झटका बसला की सूर चुकतो. सूर चुकला की वऱ्हाडी मारतात. म्हणून हुक चेसीला वेल्डिंग करून घेतलाय आणि रेडिएटर ट्रकचा आहे. भर उन्हात पहिल्या गिअरमध्ये दिवसभर चालवा, तापणार नाही."

"आणि वेग? आणि वेग?"

मास्टरला प्रश्न कळला नाही. "वेग? वरातीला?"

ताकाची परीक्षा झाली. जीप चौकापर्यंत गेली, वळली, परत आली. अक्का पेला हातात घेऊन बाहेर आल्या, तो काठोकाठ होता. सगळ्यांसमोर त्यांनी ते ताक पिऊन टाकलं. निकाल लागला.

मग तयारी. दांडीला पिन, पिनेला पिन, आणि पिन निघालीच तर म्हणून खाली बैलाची साखळी. जीपपासून घराच्या मागच्या दिव्यांपर्यंत वायर, म्हणजे नानांनी ब्रेक दाबला की घरालाही लाल दिवे लागणार. जीपचे आरसे फार छोटे, त्यांत घराची पोपटी भिंत सोडून काही दिसेना. म्हणून नानांनी एका बंद पडलेल्या सलूनमधले दोन आरसे आणून लांब नळ्यांवर बसवले. त्याचा परिणाम असा झाला, की जीप कुठे थांबली की कुणी ना कुणी येऊन भांग पाडायचं.

पहिल्याच चाचणीत घर शेपटीसारखं हलायला लागलं आणि जीपची मागची चाकं हलकी झाली. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की जू वर उचललं जातं, त्याला आपल्याकडे उलाळ म्हणतात. इथे घर उलाळ झालं होतं, धान्याच्या कोठीमुळे. कोठी पुढे घ्यायची तर पलंग मागे जाणार. अक्का म्हणाल्या, "म्हणजे मी शेपटीत झोपायचं?" दोन दिवस बोलणं बंद. शेवटी कोठी पुढे आली, पलंग मध्येच राहिला आणि नानांची आरामखुर्ची घराबाहेर पडली.

माइक आणि भोंगे काढावेत असं मी सुचवलं होतं. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलला. मोर अक्कांना आवडले होते. आणखी एक गोष्ट बसवली: घरातून जीपपर्यंत एक दोरी आणि जीपमध्ये पितळी घंटी. अक्कांनी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. कागदपत्रांचा भाग मी गाळतो. तो नानांनीही मला कधी नीट सांगितला नाही.

सकाळी निघालो. नाना चालक, आणि मला त्यांनी "शेजारी, आजपासून वाहक" असं नेमून टाकलं. धुळ्यापर्यंत सोबत करायची आणि तिथून एसटीने परत, असं माझं ठरलं होतं. अक्कांनी घराच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, आत गेल्या, घंटी दोनदा वाजली.

एरंडोलपर्यंत आम्हाला सगळ्यांनी मागे टाकलं. ट्रकने टाकलं, टेंपोने टाकलं, एका सायकलवाल्याने टाकलं आणि वर मागे वळून विचारलं, "लगीन कोठे शे?" नाना खुशीत होते. गाव आलं की माइक हातात घेत. "जळगाव-समुद्र गाडी, मार्गे एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री, नवापूर. जळगाव-समुद्र गाडी..." लोक शेतातून उभे राहून बघत. दोघांनी हात दाखवून थांबवलं आणि पारोळ्याचं भाडं विचारलं.

पारोळा मागे पडलं आणि एका गावाच्या फाट्यावर फेटा बांधलेला एक धिप्पाड माणूस थेट जीपसमोर येऊन उभा राहिला. मागे रस्त्याच्या कडेला शंभरेक माणसं, नटलेल्या बायका आणि मुंडावळ्या बांधलेला, घामाने निथळणारा नवरदेव.

"कोठे व्हतात इतला येळ?" तो माणूस म्हणाला. तो नवरदेवाचा काका निघाला. "नवरदेव उनमा भाजी ऱ्हायना."

"आम्ही समुद्रावर चाललोय. आम्ही समुद्रावर चाललोय," नाना म्हणाले.

"जावा ना मंग. लगीन लागू द्या पहिले."

त्यांचा ठरवलेला डीजे कुठेतरी बंद पडला होता. त्यांनी मोर पाहिले, 'शुभमंगल' वाचलं, भोंगे पाहिले आणि पुढचं काही ऐकायची त्यांना गरज वाटली नाही. मी खाली उतरून समजावायला गेलो, तर कुणीतरी माझ्या कपाळाला गंध लावलं. तोवर नवरदेवाला उचलून दोन मोरांच्या मधे बॉनेटवर बसवलेलं होतं. तो बिचारा इतका दमला होता, की गुपचूप काचेला टेकला.

"वाजवा," काका म्हणाला.

वाजवायला काही नव्हतं. कॅसेट नाही, कॅसिओ नाही. शंभर माणसं नानांकडे बघत होती. नानांनी माइक उचलला, घसा साफ केला आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं.

"नवरदेव मांडवाकडे निघालेले आहेत. नवरदेव मांडवाकडे निघालेले आहेत. मार्गे चोपडा, यावल, फैजपूर, रावेर. मार्गे चोपडा, यावल, फैजपूर, रावेर."

प्रत्येक वाक्य दोनदा म्हटलं की त्याला आपोआप ठेका येतो, हे मला त्या दिवशी कळलं. एकाने डफ काढला. दुसऱ्याने 'फैजपूर, रावेर'वर गिरकी घेतली. बघता बघता सगळी वरात नाचायला लागली. नानांना चेव चढला. पाचोरा झालं, भडगाव झालं, चाळीसगाव झालं. शिरपूरची विनाथांबा गाडी सुटली तेव्हा नवरदेवाच्या तिन्ही मामांनी टोप्या उडवल्या. आणि ती जीप. तिच्याबद्दल काय सांगू. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला तिचा वेग मिळाला होता. पहिल्या गिअरमध्ये, एक झटका न देता, नवी नवरी चालावी तशी चालत होती.

घंटी एकसारखी वाजत होती. एकेक टोला, एकेक टोला. थांबा. पण डफापुढे ती कुणाला ऐकू येणार?

घंटी हलताना दिसली म्हणून मी मागे धावलो. घराच्या दारात चढून पाहतो तर आत पाचसहा वयस्कर बायका बसलेल्या. पाय दुखले म्हणून चढल्या होत्या. एक माठातलं पाणी पीत होती, एक डबे उघडून डाळ बघत होती, आणि दोरी धरून उभ्या असलेल्या अक्का लाल झाल्या होत्या.

"बँडवालानी बायको का तू?" एकीने विचारलं.

"मी बँडवाल्याची बायको नाही."

"मंग कोनी?"

"एसटीवाल्याची."

हे उत्तर त्या बायकांना पुरेसं वाटलं. पलंगावर एक बारीक, वाळकी म्हातारी बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. ती नवरदेवाची आजी. ती डब्यांकडे बघत नव्हती. तिने फक्त विचारलं, "हाई घर कथा चालनं?"

"समुद्रावर," मी सांगितलं.

"काय ऱ्हास तठे?"

"पाणी," अक्का म्हणाल्या. "म्हणजे, मी अजून पाहिलेलं नाही."

आजीने मान हलवली आणि पलंग जरासा दाबून पाहिला.

लग्न लागलं. आम्हाला जेवल्याशिवाय सोडेनात. नानांना मानाची टोपी आणि टॉवेल मिळाला. काकाने त्यांना मिठी मारून सांगितलं, की इतका चांगला बँड गावात आजवर आला नव्हता. दुपार कलली तेव्हा आम्ही निघालो. अक्का या वेळी घरात बसल्या नाहीत. घंटीवरून भांडण नीट होत नाही, म्हणून त्या पुढे नानांच्या शेजारी येऊन बसल्या आणि धुळ्यापर्यंत भांडल्या. मी मागे कोंबलेला होतो. नाना टोपी घालून गाडी चालवत होते आणि प्रत्येक आरोप दोनदा मान्य करत होते.

धुळ्यात रस्त्याकडेला चहाला थांबलो. अक्का पाणी प्यायला घरात गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"माझ्या पलंगावर कुणीतरी झोपलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

आम्ही आत गेलो. अक्कांच्या गोधडीत, अक्कांच्या उशीवर, नवरदेवाची आजी घोरत होती. नानांनी "आजी, आजी" असं म्हटल्यावर तिने डोळे उघडले.

"समिंदर उना का?"

"नाही हो. हे धुळं," अक्का म्हणाल्या.

"मंग माले उठाडं कसाले?"

"आजी, तुमची माणसं शोधत असतील," मी म्हटलं.

"माले कोन शोधस? बॅगा शोधतीन." ती उठून बसली. "हर लगीनमा माले बॅगा राखाले बसाडतस. आज बॅगा गाडीमा गयात, मी मोकळी व्हयनू."

अक्का तिच्याकडे एकटक बघत होत्या. "तुम्हाला झोप लागली? दुसऱ्याच्या घरात?"

"लागनी व्हती. तुमीन उठाडी दिनी."

आजीला मी एसटीने पोचवतो म्हटलं, तर तिने गोधडी आणखी घट्ट ओढून घेतली. नानांनी डोक्यावरची टोपी काढली. "परत जावं लागेल," ते म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला. "परत जावं लागेल."

आम्हा तिघांनाही अट माहीत होती. घर माघारी फिरलं की समुद्र संपला. नाना जीपमध्ये जाऊन बसले. अक्का आजीजवळ पलंगावर बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आता एक तांत्रिक अडचण. घर मागे घेणं नानांना जमत नसे. चाक उजवीकडे फिरवलं की घर डावीकडे जातं, डावीकडे फिरवलं की उजवीकडे. धुळ्याच्या त्या रस्त्यावर त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा जीप आणि घर एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी पुढच्या मोठ्या चौकात पूर्ण वळसा घालायचा ठरलं. मी मात्र ठरल्याप्रमाणे इथूनच एसटी धरणार होतो, कारण घराच्या वेगाने जळगाव गाठायला रात्र झाली असती. जीप पहिल्या गिअरमध्ये निघाली, आणि मी निरोप घ्यायचा म्हणून घराच्या खिडकीशी बोलत बोलत बरोबर चालायला लागलो.

तेवढ्यात आजीच्या पिशवीत फोन वाजला. मुलाचा. आवाज इतका मोठा, की मला रस्त्यावरून ऐकू येत होता. "माय, कोठे शे तू?"

"मी? मी मांडवमाच शे," आजी शांतपणे म्हणाली. "बायकास्मा बशेल शे. तू जेव."

मी चालता चालता अडखळलो. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

मुलाला काही पटलं नाही. कोण आहे जवळ, त्याच्याकडे फोन दे, असं तो ओरडायला लागला. आजीने फोन कानापासून काढला आणि अक्कांसमोर धरला.

अक्का कधी खोटं बोललेल्या नाहीत. नातवाचं अर्ध्या तिकिटाचं वय संपलं त्या दिवशीच त्यांनी कंडक्टरला आपण होऊन पूर्ण तिकीट मागितलं होतं. शाळेतला एक निबंध सोडला तर या बाईच्या नावावर काहीही नाही. त्या फोनकडे बघत राहिल्या. पुढून भोंग्यातून नानांचा आवाज आला, दमलेला, "चौक आलेला आहे. चौक आलेला आहे." वळण्याचा उजवा दिवा लुकलुकायला लागला होता.

नानांचं जे शेवटचं दर्शन मला झालं ते असं: मानाची टोपी पुन्हा डोक्यावर, कोपर खिडकीबाहेर, मान मागे वळवलेली, तोंड उघडं. मग तो उजवा दिवा विझला. मोर, भोंगे, पोपटी भिंत आणि खिडकीतल्या दोन म्हाताऱ्या, सगळं चौकातून सरळ साक्रीच्या रस्त्याला लागलं, आणि मी धुळीत उभा राहिलो. दिवा विझला तो अक्कांनी फोन कानाला लावून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं जे म्हटलं त्यामुळे.

"मी ना? मी नवरीकडची."